दिवाळीत पहाटे उठायचं असेल तर झोपायचं कसं

सफाई आटोपलेली आहे आणि फराळ वसुबारसेच्या आत डब्यांत गेलेला आहे, असं मी गृहीत धरते. धनत्रयोदशीच्या रात्री अकराला ज्या घरात चकलीची कढई चढते, त्या घराने हा लेख पुढच्या वर्षी वाचावा.

आधी आंघोळींचा हिशेब

नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान चंद्रोदयानंतर आणि सूर्योदयापूर्वी. पुण्या-मुंबईकडे त्या दिवसांत सूर्य साडेसहा-पावणेसातच्या सुमारास उगवतो. घरात सहा माणसं, न्हाणीघर एक, तेल-उटणं बाहेर पाटावरच लावून झालेलं, तर माणशी पंधरा मिनिटं पुरतात. म्हणजे दीड तास. पहिली आंघोळ पाचला सुरू झाली तरी सगळे सूर्योदयाच्या आत नाहतात. पहिल्याने पावणेपाचला उठावं, शेवटच्याने सहाला. अख्ख्या घराला साडेतीनला गदागदा हलवून उठवायचं आणि मग पाणी तापेपर्यंत जांभया देत बसवायचं, यात मला कधीच पुण्य दिसलेलं नाही. लहान मुलांचा नंबर शेवटचा लावा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, त्यांचा अर्धा-पाऊण तास लाखमोलाचा असतो. कारीट फोडायला त्यांना नंतर तुळशीपाशी उभं केलं की झालं.

घड्याळ आधीपासून सरकवा

खरी गोम इथे आहे. जो तो सांगतो, 'आदल्या रात्री नऊला झोपा.' हा सल्ला देणाऱ्याने स्वतः तो कधी पाळलेला नसतो. मी कित्येक दिवाळ्या नऊला अंथरुणावर पडून पंख्याची पाती मोजली. मग झोप न आल्याचा राग, मग 'आता चारच तास उरले' हा हिशेब, आणि शेवटी एक-दीडला लागलेला डोळा. त्यापेक्षा नेहमीसारखी साडेअकराला झोपले असते तर जास्त झोप पदरात पडली असती.

याचं कारण शरीरात आहे. रोजच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर सर्वांत सावध असतं. रोज साडेअकराला झोपणारा माणूस नऊला आडवा झाला, तर तो नेमका त्याच टप्प्यात झोपेशी झटापट करत असतो. दिवसभर राबून कितीही दमलेला असो, शरीर ऐकत नाही. दमणं वेगळं आणि झोप येणं वेगळं.

म्हणून रात्रीच्या टोकाला हात घालू नका, सकाळच्या टोकाला घाला. वसुबारसेच्या तीन-चार दिवस आधीपासून रोज वीस-तीस मिनिटं लवकर उठा. रात्री लवकर झोपण्याचा आग्रह धरू नका, आपोआप डोळे मिटायला लागले की पडा. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं उघड्या उजेडात जा, गच्चीत, अंगणात, दूध आणायला, कुठेही. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ पुढे ओढतो, रात्रीचा मागे ढकलतो. ट्यूबलाइटखाली बसून मोबाइलवर रांगोळीची डिझाइनं बघत रात्रीचे साडेदहा केले, तर सकाळी कमावलेलं तिथेच गेलं. आठ-साडेआठनंतर घरातले मोठे दिवे बंद करा, कोपऱ्यातला पिवळा दिवा पुरतो. आकाशकंदील झोपायच्या खोलीच्या खिडकीला असेल तर त्यात पांढराशुभ्र एलईडी घालू नका, झिरोचा बल्ब लावा. दिसतोही छान.

एवढं करूनही आदल्या रात्री वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर सरळ उठून बाहेर या. मंद उजेडात कपड्यांच्या घड्या घाला, वाती वळा, पणत्या पुसा. कंटाळवाणं काहीतरी हवं. पेंग आली की परत जा. घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेवा. आणि सर्दीची गोळी घेऊन झोप आणायचा उद्योग मुळीच करू नका. तिची गुंगी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरत नाही, आणि वयस्कर माणसं त्या गुंगीत पडू शकतात. थोडीशी दारू घेतली की झोप लागते, असं म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. झोप लागते खरी, पण रात्रीचा उत्तरार्ध तुकड्यातुकड्यांत जातो.

गोव्यात असाल तर वरचं सगळं गुंडाळून ठेवा. नरकासुरांच्या रात्री तिथे पहाटेपर्यंत ढोल आणि स्पीकर चालतात. आदल्या दुपारी दीड-दोन तास झोपून घ्या आणि रात्र बघायला बाहेर पडा.

चहा

दुपारच्या जेवणानंतर बंद. चहाकॉफीतलं कॅफिन निम्म्यावर यायलाच सुमारे पाच तास लागतात, म्हणजे सहाचा कप अकरापर्यंत अर्धा अंगात शिल्लक. अडचण अशी की दिवाळीत चार घरी फराळाला जायचं आणि चारही घरी 'घोटभर तरी घ्या'. नाही म्हणून कोणी ऐकत नाही. पर्याय सुचवला की ऐकतात. 'कोकम सरबत असेल तर द्या,' म्हणा. यजमानाला काहीतरी दिल्याचं समाधान मिळतं.

पोट

रात्री फराळ हे जेवण नव्हे. साडेसात-आठला वरणभात खा, झोपायच्या आधी दोन-तीन तास पोटात चिवडा-चकली जाऊ देऊ नका. जळजळ झालीच तर डाव्या कुशीवर झोपा.

फटाके

नियम सांगतो की चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणारा फटाका चालत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीच्या रात्री आठ ते दहा अशी वेळही घालून दिली होती. गल्लीतल्या पोरांना हे वाचून दाखवण्यापेक्षा कानांची सोय बघा. कानात कापूस कोंबून फारसं काही साधत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात, ते घ्या. बोटांत वळून अगदी बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचे. हे शेवटचं कोणी करत नाही आणि मग 'बोळे बेकार आहेत' म्हणून फेकतात. गजर ऐकू येणार नाही, म्हणून मोबाइल व्हायब्रेटवर टाकून उशीखाली ठेवा.

पाहुणे

घोरणाऱ्याची गादी हॉलच्या टोकाला. नाती बघू नका.

आंघोळीनंतरची झोप

फराळ झाला की आठ वाजता सगळं घर पडदे ओढून आडवं होतं आणि अकराला उठतं. सकाळचा उजेड गेला, रात्रीची झोप लांबली, आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाच्या तयारीला सगळे आंबलेले. त्याऐवजी दिवाळी पहाटेच्या गाण्यांना जा, देवळात जा, निदान गॅलरीत बसा. झोपायचं ते दुपारी जेवून, तीनच्या आत, वीस-पंचवीस मिनिटं, गजर लावून. रात्री झोप फारच कमी झाली असेल तर दीड तास. मधलाच पाऊण-एक तास झोपलात तर गाढ झोपेतून उठताना डोकं जड होतं आणि चिडचिड घरच्यांवर निघते. ही दुपारची झोप घरातल्या बायकांनी आधी घ्यावी, कारण रात्री ओटा पुसून सगळ्यांत शेवटी पडणारी आणि पहाटे पाणी तापवायला सगळ्यांत आधी उठणारी बहुतेक घरांत एकच असते. तेवढा वेळ दार उघडायचं आणि पाहुण्यांना पाणी द्यायचं काम दुसऱ्या कोणीतरी करावं.

भाऊबीजेचा परतीचा प्रवास

रात्री जेवून, ओवाळणी खिशात घालून, दीडला गाडी काढायची नाही. मध्यरात्रीनंतर दोन ते सहा या वेळात शरीराची सावधता तळाला असते, मग एक्सप्रेसवे कितीही रिकामा असो. सकाळी निघा. नाइलाजाने निघालातच आणि वाटेत डोळा जड झाला, तर काच उघडून आणि गाणी लावून भागत नाही. पेट्रोल पंपावर किंवा धाब्यावर गाडी थांबवा, एक कप कडक चहा घ्या आणि लगेच वीस मिनिटं सीट मागे टाकून झोपा. चहाचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो, म्हणून चहा आधी, झोप नंतर.