सोयाबीन चेहऱ्याला आणि केसांना लावायचं तर असं लावा

आमच्या लातूर भागात खरिपात सोयाबीन नसलेलं शेत शोधावं लागतं. रास घरी आली की माझ्या पार्लरमध्ये विचारणा सुरू होते, "ताई, हे तोंडाला लावलं तर चालतं का? केसांना?" चालतं. पण सोयाबीन वाटून काढलेल्या दुधाचं काम वेगळं, तेलाचं वेगळं, आणि केसांची गोष्ट तर अगदीच निराळी.

आधी दाणे बघून घ्या. पेरणीतून उरलेलं बियाणं अजिबात वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. विकतच्या बियाण्यावर लाल-गुलाबी रंग दिसतो, पण घरी बीजप्रक्रिया केली असेल तर तो दिसेलच असं नाही. खाण्यासाठी निवडून ठेवलेलं सोयाबीनच घ्या.

सोया खाऊन ज्यांच्या अंगावर गांधी उठतात किंवा ओठ सुजतात, त्यांनी यातलं काहीही लावू नये. मळणीच्या धुळीने दम लागत असेल तरीही नको. ही धूळ साधी समजू नका. १९८०च्या दशकात स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या बंदरावर सोयाबीन उतरवताना उडणाऱ्या धुळीने शहरात दम्याची लाटच यायची. तो दोष दाण्याच्या टरफलात असतो. बाकीच्यांनीही कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबावं. खाज आली, लाल झालं, तर विषय तिथेच सोडावा.

आता चेहऱ्याचा लेप. मूठभर सोयाबीन रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी तळहातांमध्ये चोळलं की टरफलं सुटून वर तरंगतात, ती पाण्याबरोबर ओतून द्या. पिवळसर डाळ तेवढी राहिली पाहिजे. मिक्सरमध्ये अर्धी वाटी पिण्याचं पाणी घालून गंधासारखी बारीक वाटा आणि मलमलच्या फडक्यातून पिळा. या पिळून निघालेल्या दोन चमचे दुधात मसुराचं पीठ सैलसर कालवून चेहऱ्यावर पातळ थर द्या. डोळ्यांच्या कडा सोडा. फुटलेल्या पुळीवर, जखमेवर लावू नका. दहा मिनिटांत, लेप ओलसर असतानाच कोमट पाण्याने धुवा. कडक वाळू दिला की कातडी ओढली जाते.

दुधाला उग्र, कच्चट वास येतो, म्हणून बायका ते उकळतात. उकळलं की वास जातो, पण सोबत कामाची गोष्टही जाते. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवणारी प्रथिनं असतात. त्यांच्यामुळेच ते कच्चं खायचं नसतं. हीच प्रथिनं त्वचेतला रंग वरच्या पेशींत जाण्याचा वेग कमी करतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. उष्णतेने ती निकामी होतात. त्यामुळे पाकिटातलं सोया दूध या कामाचं नाही. मात्र कच्चं दूध काढल्याबरोबर वापरायचं आणि उरलेलं फेकायचं, ते फार लवकर नासतं.

या लेपाने उजळपणा येतो, रापलेला चेहरा नितळ वाटतो. वांग जाईल असं मी कुणालाही सांगत नाही. वांगाला त्वचेचा डॉक्टर आणि रोजचं सनस्क्रीन, हाच रस्ता. रानात जाणाऱ्या बाईने डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत पुढे ओढला तरी बराच फरक पडतो.

केसांना सोयाबीन वाटून थापू नका, हे मी कळकळीने सांगते. त्यातलं प्रथिन आकाराने इतकं मोठं की केसाच्या आत शिरतच नाही. वर चिकटून बसतं, मग धुताना केस तुटतात. केसांना लागतं ते तुकडे केलेलं प्रथिन, आणि ते घरी होत नाही. कंडिशनरच्या बाटलीमागे ‘हायड्रोलाइज्ड सोय प्रोटीन’ शोधा. यादीत जास्त प्रमाणाचे घटक आधी येतात, म्हणून हे नाव सुगंधाच्याही नंतर, अगदी शेवटी असेल तर ते बहुधा नावापुरतंच. रंगवलेल्या, स्ट्रेटनिंग केलेल्या केसांना याचा गुण येतो. केस काड्यांसारखे ताठ वाटू लागले तर प्रथिन जास्त झालं समजा आणि काही धुण्यांना साधा कंडिशनर वापरा.

डोक्याला चोळायला आपलं खोबरेल बरं, ते केसात जास्त मुरतं. कोंडा असेल तर मात्र टाळूला कुठलंच तेल नको.

सोयाबीन तेल अंगासाठी ठेवा. त्यात निम्म्याच्या आसपास लिनोलेइक आम्ल असतं, ते कोरड्या कातडीला मानवतं. तोंडावर पुटकुळ्या येत असतील तर चेहऱ्याला लावू नका. स्वयंपाकाचं रिफाइंड तेल चालतं, तळणीतलं उरलेलं कदापि नाही. हे तेल लवकर खवट होतं, म्हणून लहान बाटलीत काढून अंधारात ठेवा. थंडीत आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच नडग्यांना चार थेंब चोळा. टाचांच्या भेगांना रात्री पाय धुऊन, टिपून, तेल लावून सुती मोजे घाला. भेगेतून रक्त येत असेल तर तेल नको, आधी डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर साध्या भेगेलाही हाच नियम.