बाळाला चेहरे ओळखायला शिकवायचंय? आधी जवळ या

लांबून टाळ्या वाजवत "इकडे बघ, इकडे बघ" करून काही होत नाही, कारण नव्या बाळाला साधारण २०-३० सेंटिमीटरपलीकडचं सगळं धूसरच दिसतं, म्हणजे मांडीवर घेतलं की आपलं तोंड येतं तेवढंच अंतर. तेवढं जवळ जा आणि उजेड आपल्या तोंडावर पडू द्या, खिडकीकडे पाठ करून बसलात तर त्याला नुसती काळी सावली दिसणार.

पहिले काही आठवडे हेअरस्टाइलचे प्रयोग नकोत, हे मी सिरियसली सांगतेय. बाळ थोड्याच दिवसांत आईचा चेहरा ओळखतं खरं, पण मुख्यतः केस नि कपाळाच्या कडेवरून. १९९५ मध्ये पास्कालिस नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या टीमने आई आणि परकी बाई दोघींच्या डोक्याला स्कार्फ बांधला तर चार दिवसांच्या बाळांना फरकच कळेना! मी एकदा डोक्याला टॉवेल गुंडाळून आले तर आमचं पिल्लू माझ्याकडे असं टकमक बघत बसलं की ही कोण बया. दोनेक महिन्यांनी ते डोळ्यांत बघायला लागतं. तीन महिने झाले तरी नजरेला नजर देत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

आता माझा आवडता भाग. सहा महिन्यांच्या बाळाला दोन माकडांचे चेहरेसुद्धा वेगळे ओळखता येतात, नवव्या महिन्यापर्यंत हे जातं, कारण रोज दिसतात त्याच चेहऱ्यांवर मेंदू पक्का होत जातो. पण ज्यांना मधले तीन महिने प्रत्येक माकडाला वेगळं नाव देऊन फोटो दाखवले त्यांचं हे टिकलं. म्हणून अल्बम दाखवताना "हे बघ पाहुणे" असं मोघम नको, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून ही मावशी, हा दादा, असं रोज तेच नाव घ्या, आणि वेगवेगळ्या रंगारूपाची माणसं असू द्या.

आणि बाळ समोर असताना फोन बाजूला, कारण स्क्रीन बघताना आपलं तोंड दगडासारखं होतं, बाळ आधी हसून बघतं, हात हलवतं, मग कंटाळून मान फिरवतं.

आठ-नऊ महिन्यांचं बाळ परक्याला बघून रडलं तर जबरदस्तीने कुणाच्या हातात देऊ नका, चेहऱ्यांतला फरक कळतोय म्हणूनच रडतंय ना ते.

दीड वर्षानंतर एक गंमत करा, त्याच्या नकळत नाकाला रंगाचा ठिपका लावून आरशासमोर न्या. हात आरशाकडे गेला तर अजून थांबा, स्वतःच्या नाकाकडे गेला तर आरशातलं ते बाळ कोण हे त्याला कळलंय.