व्यायाम आणि सीआरपीचा रिपोर्ट : या चुका टाळा

रक्त तपासायला देण्याच्या आदल्या दिवशी दमछाक होईल इतका व्यायाम करू नये, हे मी नव्याने चालायला-पळायला लागलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात सांगते, आणि तरीही दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी घाबऱ्या चेहऱ्याने सीआरपीचा रिपोर्ट घेऊन येतेच. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. शरीरात दाह सुरू झाला की रक्तातले त्याचे प्रमाण वाढते. परंतु तो दाह जंतुसंसर्गामुळे आहे, सुजलेल्या हिरड्यांमुळे आहे, की काल अतिताण पडलेल्या स्नायूंमुळे आहे, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

माझ्याबरोबर सराव करणाऱ्या, सेहेचाळीस वर्षांच्या एका गृहस्थांनी रविवारी आयुष्यातली पहिली पूर्ण मॅरेथॉन पळून सोमवारी सकाळी उपाशीपोटी रक्त दिले. रजा घेतलीच आहे तर वार्षिक तपासणीही उरकून टाकावी, एवढाच त्यांचा विचार होता. सीआरपी १९ मिलिग्रॅम प्रति लिटर आला आणि पांढऱ्या पेशीही वाढलेल्या दिसल्या. डॉक्टरांना त्यांनी मॅरेथॉनबद्दल काहीच सांगितले नाही, त्यामुळे साहजिकच संसर्गाचा शोध सुरू झाला : लघवीची तपासणी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी. कशातच काही निघाले नाही, पण धास्तीने त्यांचे चालणेसुद्धा महिनाभर बंद पडले. रिपोर्ट माझ्याकडे आला तेव्हा मी आकड्याच्या आधी वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेली नमुना घेतल्याची तारीख पाहिली, आणि उलगडा झाला. पुन्हा तपासणी केली तेव्हा सीआरपी ०.९ होता.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. दीर्घ व्यायामात काम करणारे स्नायू स्वतःच इंटरल्यूकिन-६ हे द्रव्य रक्तात सोडतात, आणि मॅरेथॉननंतर त्याची पातळी शंभर पटींपर्यंत गेल्याची नोंद आहे. ती काही तासांत उतरते, पण तोवर यकृताला निरोप पोहोचलेला असतो; म्हणून सीआरपी साधारण दुसऱ्या दिवशी शिखर गाठतो. त्याचे रक्तातले अर्धायुष्य सुमारे १९ तासांचे असल्याने तो पूर्ववत व्हायला काही दिवस जातात. विशेष म्हणजे स्नायूंमधून आलेले हेच इंटरल्यूकिन-६ पुढे दाह शमवणाऱ्या इंटरल्यूकिन-१० सारख्या द्रव्यांना चालना देते. त्यामुळे व्यायामानंतरची ही तात्पुरती वाढ आणि महिनोन्‌महिने रेंगाळणारा मंद दाह या दोन गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत.

माझा नेम असा आहे की तपासणीपूर्वी तीन दिवस फक्त सावकाश चालायचे, आणि शर्यत झाली असेल तर किमान एक आठवडा थांबायचे. सर्दी-ताप असताना किंवा दात काढल्यावर लगेच हा आकडा काढूच नये. हृदयविकाराच्या जोखमीसाठी पाहायचे असेल तर दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी धरावी. १ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी म्हणजे कमी जोखीम, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. मात्र आकडा १० च्या वर गेला तर जोखमीचा हिशेब बाजूला ठेवून आधी कारण शोधावे. हे करताना आपण काय व्यायाम केला आणि कोणती औषधे घेतो, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगावे, कारण कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांनी हा आकडा उतरतो आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी चढू शकतो.

दुसरी चूक उतावळेपणाची आहे, आणि तिचा मला अधिक त्रास होतो. सहा आठवडे पळून सीआरपी उतरला नाही म्हणून व्यायाम सोडणारे लोक मी पाहिले आहेत. सीआरपी वाढलेल्या, बैठी जीवनशैली असलेल्या लोकांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या इन्फ्लेम या अभ्यासात चार महिन्यांच्या एरोबिक व्यायामानेही, वजन कमी न होता, सीआरपी घटला नव्हता. वजन उतरलेल्यांमध्ये मात्र घट दिसली. पोटाच्या आतली चरबी स्वतः दाहकारक द्रव्ये सोडत असते, म्हणून ती घटण्याशी या आकड्याचा जवळचा संबंध आहे. याचा अर्थ व्यायाम वाया गेला असा मुळीच नाही, कारण रक्तदाब, साखर आणि दमसास यांना त्याचा लाभ होतच असतो. ज्याचा सीआरपी मुळातच ०.५ आहे, त्याने तो आणखी किती उतरणार याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

आकडा लवकर उतरावा म्हणून एकदम दुप्पट पळणारे तर उलटच परिणाम ओढवून घेतात. पळण्याआधी दाहशामक वेदनाशामक गोळी घेण्याचा आडमार्ग मला अजिबात मान्य नाही. शरीरातले पाणी कमी झालेले असताना ती मूत्रपिंडांना इजा करू शकते.

एकक वाचायला विसरू नये : ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच ३ मिलिग्रॅम प्रति लिटर. कमी पातळीतला फरक पाहायचा असेल तर साधी नव्हे, हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी तपासणी मागावी, आणि दर वेळी प्रयोगशाळा एकच ठेवावी. ईएसआर, म्हणजे दाह पाहण्यासाठी करतात ती रक्ताची दुसरी तपासणी, हा त्याला पर्याय नाही, कारण तो वयाने आणि रक्तक्षयानेही वाढतो.

प्रत्येक रिपोर्टच्या मागे मी पेनाने तीन गोष्टी लिहून ठेवते : शेवटचा कठीण व्यायाम कोणत्या दिवशी व किती वेळ झाला, त्या आठवड्यातले आजारपण, आणि त्या दिवशीचे वजन.