कोल्हापुरात बसून कोकणचा सरकता किनारा नकाशावर कसा उतरवावा

मालवणजवळच्या देवबाग-तारकर्ली किनाऱ्याची दोन सालांची उपग्रहचित्रे शेजारी ठेवायची, एकात वाळू रुंद आणि दुसऱ्यात अरुंद दिसली की समुद्राने एवढी जमीन खाल्ली असे जाहीर करायचे, ही पद्धत आता थांबायला हवी. अशा तुलनेत दिसणारा बराचसा बदल नुसत्या भरती-ओहोटीचा असतो. किनारा खरोखरच सरकतो आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राच्या अभ्यासानुसार देशाचा साधारण एक तृतीयांश किनारा धूप सोसतो आहे. म्हणून तर रेषा काढताना हयगय चालत नाही.

क्यूजीआयएस हे नकाशे करायचे मोफत सॉफ्टवेअर घ्या. जुन्या काळासाठी लँडसॅट उपग्रहांची चित्रे (पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक चौकोनी ठिपका, ३० मीटरचा) आणि २०१५ नंतरसाठी सेंटिनेल-२ उपग्रहांची (१० मीटर) उतरवा, दोन्ही फुकट मिळतात. प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, यूटीएम झोन ४३ उत्तर ठेवा. सगळ्या सालांची चित्रे वर्षातल्या त्याच एक-दोन महिन्यांतली हवीत. मी फेब्रुवारी-मार्च घेतो, आभाळ स्वच्छ असते. पावसाळी लाटा पुळणीची (वाळूच्या किनाऱ्याची) वाळू समुद्रात ओढून नेतात आणि पुढच्या कोरड्या महिन्यांत ती हळूहळू परत येते, त्यामुळे ऑक्टोबर आणि मे एकमेकांशेजारी ठेवूच नयेत.

पाणी आणि जमीन वेगळी करायला प्रत्येक पिक्सेलसाठी हे गणित करा: हिरवा पट्टा (हिरव्या प्रकाशाची नोंद) वजा जवळचा अवरक्त पट्टा (लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची नोंद), भागिले दोघांची बेरीज. पाण्याची किंमत धन येते, जमिनीची ऋण. कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या वर पाणी मानायचे तो आकडा, डोळे झाकून शून्य धरू नका, ओली वाळू आणि लाटांचा फेस दोन्ही फसवतात. आपल्याकडे कोल्हापुरात सरावाला रंकाळा तलाव आहे. तिथे भरती नाही आणि बांधीव काठ जागचा हलत नाही, त्यामुळे तुमची रेषा काठावर बसते की नाही ते लगेच कळते. केंदाळ (पाण्यावर तरंगणारी वनस्पती) साचलेला कोपरा मात्र सोडा, तो चित्रात जमीन म्हणून येतो.

आता खरी अडचण. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आहे. उपग्रह आपल्या भागावरून नेहमी सकाळी अकराच्या आगेमागेच जातो, पण भरतीची वेळ रोज पाऊणएक तास पुढे सरकते. म्हणजे चित्रातली पाण्याची कड ही त्या क्षणाची कड असते, तिला किनारा म्हणता येत नाही.

कोकणातला जुना हिशोब इथे कामाला येतो: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. म्हणजे उपग्रह डोक्यावर असताना उधाणाचे पाणी चढलेले. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला, म्हणजे त्याच अकराच्या चित्रात पाणी उतरलेले. या दोन चित्रांतल्या पाण्याच्या पातळीत मीटरभराचा फरक सहज पडतो. पुळणीचा उतार तीसास एक असेल तर एका मीटरला कड तीस मीटर सरकते. सेंटिनेलचे तीन पिक्सेल! एक कणही वाळू न हलता.

पंचांग फक्त चाळणीपुरते वापरा, कारण त्यातून वेळ कळते, उंची कळत नाही. उंचीसाठी सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टके घ्या. मालवणला गोव्यातले मुरगाव हे जवळचे मुख्य बंदर. चित्रावरची वेळ ग्रिनिचची असते, त्यात साडेपाच तास मिळवल्याशिवाय कोष्टक उघडू नका. मग पातळीत वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आत बसणारीच चित्रे ठेवा. चाळीसातली पाच उरली तरी चालतील.

पुळणीच्या उतारावरून कडेची जागा दुरुस्त करून सगळी चित्रे वापरा, असे सांगणारे भेटतील. माझा त्याला विरोध आहे. एकाच पुळणीचा उतार दोन टोकांना वेगळा असतो आणि एका पावसाळ्यात बदलतो. वीस वर्षांपूर्वीचा उतार कुठून आणणार? त्यापेक्षा दुसरी रेषा काढा, मर्यादवेलीची. वाळूवर पसरणाऱ्या या वेलीची समुद्राकडची कड भरतीबरोबर हलत नाही, धूप झाली की मागे हटते. दोन्ही रेषा एकाच दिशेला सरकल्या तरच मी बदल मान्य करतो.

एकदा तरी फोंडा घाट उतरून पुळणीवर जाच. आदल्या भरतीने सोडलेली काटक्या-शिंपल्यांची ओळ शोधा आणि जीपीएस घेऊन तिच्यावरून चाला. चित्रातली रेषा तिच्यापासून किती दूर पडते ते पाहा. मोबाईलचा जीपीएस पाच-दहा मीटर चुकू शकतो, तेवढी सूट धरा.

पुढचे सोपे: जमिनीवर एक आधाररेषा, तिला काटकोनात दर पन्नास मीटरला छेदरेषा, मग आधाररेषेपासून किनाऱ्यापर्यंतच्या दोन सालांच्या अंतरातला फरक भागिले मधली वर्षे. पिक्सेलपेक्षा लहान फरक बदल म्हणून लिहू नका.

कर्ली नदीच्या मुखाशी देवबागचा दांडा (वाळूची लांब चिंचोळी पट्टी) आहे तिथे मात्र छेदरेषा वापरू नका. वाळूचे टोक वळते, एकच छेदरेषा किनाऱ्याला दोनदा कापते आणि आकडा निरर्थक होतो. तिथे दर सालच्या वाळूचे क्षेत्रफळ मोजा आणि प्रत्येक आकृतीखाली तारीख, भारतीय वेळ आणि त्या वेळची पाण्याची उंची लिहा.