माल्टच्या बार्लीला युरिया टाकताना हात कधी आखडायचा

राजस्थानात जयपूर, सीकरकडं जे लोक माल्टसाठी (म्हणजे बियरसाठी मोड आणून वाळवलेल्या दाण्यासाठी) बार्ली लावतात (तिकडं जौ म्हणतात, आपण जव) त्यांचा निम्मा खेळ युरियावर असतो. गव्हात प्रोटीन जास्त तर माल भारी असं आपल्या डोक्यात बसलंय, इथं उलटं. माल्टवाल्यांना प्रोटीन साधारण 9 ते 11 टक्के लागतं, वर गेलं की स्टार्च घटतो, माल्टमधून अर्क कमी निघतो, बियर गढूळ व्हायची भीती, मग गाडी परत. आणि 9 च्या फार खाली गेलं तरी बोंब, यीस्टला खायला नत्र पुरत नाही.

आता हिशोब. ओलिताच्या जवाला हेक्टरी 60 किलो नत्र धरा, म्हणजे एकरी 24. डीएपीची (नत्र-स्फुरदाच्या खताची) अर्धी गोणी, 25 किलो, पेरताना दिली की साडेचार किलो नत्र तिथंच आलं, राहिलेलं युरियातून म्हणजे साधारण 42 किलो युरिया. त्यातला 16 किलो पेरणीला आणि 26 किलो पहिल्या पाण्याला, 30-35 दिवसांनी. युरियाची गोणी 45 किलोची येते, उरलेले तीन किलो कशाला ठेवायचे म्हणून रानात फेकू नका राव! आधी मूग किंवा गवार असेल तर यातलंही थोडं कमी करा.

खरी चूक होते ती पुढं. पीक पोटरीत आलं (कणीस बाहेर पडायच्या आधी पानाच्या आत फुगलं), जरा पिवळट दिसलं की हात शिवशिवतात. एका ओळखीच्यानं असाच युरिया मारला, रान हिरवंगार झालं, बघायला येणारे खूश, पण उशिरा दिलेलं नत्र उतारा फारसा वाढवत नाही, सरळ दाण्याच्या प्रोटीनमध्ये जातं, वर पीक लोळायचा धोका वेगळाच. आणि युरिया मोजून दिला तरी दाणा भरताना पाणी चुकलं, मार्चचं ऊन लागलं, तर स्टार्च भरतच नाही, दाणा बारीक राहतो, अडीच मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडतो आणि प्रोटीनचा टक्का आपोआप चढतो. त्यामुळं शेवटचं पाणी चुकवू नका.

विकायच्या आधी दहाएक दाणे ब्लेडनं मधोमध कापून बघा. आत खडूसारखं पांढरं पिठूळ दिसलं तर बरं, काचेसारखं करडं दिसलं तर प्रोटीन बहुतेक चढलंय. अर्थात हा अंदाजच, पक्कं लॅबमध्ये कळतं, तिथं कोरड्या दाण्यातलं नत्र मोजून 6.25 नं गुणतात, 1.6 टक्के नत्र आलं तर प्रोटीन 10.

माल जनावरांच्या खाद्याला जाणार असेल तर मात्र प्रोटीन चढलेलं चांगलंच, फक्त पीक लोळणार नाही एवढं बघा.