इंजिनातील जुना दोष आणि डीलरकडून भरपाई

माझ्या गाडीचे इंजिन हजार किलोमीटरला जवळपास लिटरभर ऑइल खात होते आणि तरीही पहिल्या तिन्ही जॉब कार्डांवर, म्हणजे वर्कशॉपच्या तक्रार-नोंदीच्या कागदांवर, ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिलेले होते. भरपाईच्या दाव्यात पहिला पुरावा हाच कागद असतो. म्हणून सर्व्हिस अॅडव्हायझर काय टिपून घेतो ते उभ्या उभ्या वाचावे, ‘ऑइल कमी होते, डिपस्टिक खालच्या खुणेखाली’ असे आपल्या शब्दांत लिहून घ्यावे, किलोमीटरचा आकडा तपासावा आणि मगच सही करून प्रत घ्यावी.

दोष असणे आणि तो डीलरला आधीपासून ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘या मॉडेलला असं होतंच’ हे वाक्य काउंटरवर सर्रास ऐकू येते. ते ऐकल्यावर वाद न घालता त्याच दिवशी ई-मेलने ‘आपण आज असे सांगितलेत’ म्हणून कळवावे. त्याच मॉडेलच्या इतर मालकांची जॉब कार्डे मिळाली तर जोडावीत आणि कंपनीने त्या इंजिनासाठी गाड्या परत बोलावल्या होत्या का, हेही पाहावे.

नंतर डीलर आणि उत्पादक कंपनी या दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून पंधरा दिवसांची मुदत द्यावी. एकालाच धरणे धोक्याचे ठरते, कारण गोव्यात जुन्या वर्षीची गाडी नवी म्हणून विकल्याच्या प्रकरणात, डीलरच्या कृत्याची माहिती असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला जबाबदार धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटले.

उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी. गाडीची दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तेथेच चालते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही ते दाखल करता येते. शोरूमच्या शहरी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत 200 आणि वीस लाखांपर्यंत 400 रुपये आहे. मुदत मात्र दोन वर्षांची असते, आणि ‘पार्ट मागवलाय’ हे आश्वासन ऐकत ती सहज निघून जाते.

इंजिन उघडण्यापूर्वी स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी किंवा आयोगाकडे तशी मागणी करावी. वर्कशॉपने एकदा पिस्टन रिंग बदलल्या की मूळ अवस्था कोण दाखवणार? मागणीही बेताची ठेवावी. सुटा भाग बदलून काम भागत असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकणे अवघड असते. इंजिनची दुरुस्ती किंवा बदली, टॅक्सीची बिले, वाढीव ऑइलचा खर्च, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च हे वेगवेगळ्या आकड्यांत मांडावे.

गाडी परत घेताना ‘काम समाधानकारक’ या ओळीखाली सही मागतात. तिच्याशेजारी ‘दोष कायम’ असे लिहून, त्या पानाचा फोटो काढून, मगच किल्ली घ्यावी.