संत्र्याच्या सालींपासून कार्बन डायऑक्साइड धरणारा कार्बन

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शी पट्ट्यात आंबिया बहाराची संत्री उतरली की आमच्या कॉलेजसमोरच्या रसवाल्याकडे रोज सालींचं पोतं भरतं. मी रसायनशास्त्र शिकवते. पाच वर्षांपूर्वी पहिलं पोतं प्रयोगशाळेत आणलं, तेव्हापासून एम.एस्सी.ची मुलं दरवर्षी हा प्रयोग करतात. तो घरी करायचा नाही. भट्टी, नायट्रोजनचं सिलिंडर आणि फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढणारं कपाट) असेल तरच हात घाला.

साली धुऊन दोन दिवस गच्चीवर वाळवा, मग रात्रभर १०५ अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा. एक किलो ओल्या सालींची साधारण पाव किलोच उरतात. साल वाकवली तर कट्कन मोडली पाहिजे. लवली तर परत ओव्हनमध्ये. मिक्सरवर भरड वाटून चाळून घ्या.

भरड ट्यूब फर्नेसमध्ये, म्हणजे नळीच्या भट्टीत, नायट्रोजनच्या प्रवाहात, मिनिटाला पाच अंश या गतीने ५०० अंशांपर्यंत न्या आणि तिथे तासभर ठेवा. २०० ते ४०० अंशांच्या दरम्यान पिवळा, उग्र धूर निघतो, त्यात डांबर असतं. नळी थंड होईपर्यंत नायट्रोजन चालू ठेवा. एका वर्षी मी घाईत ३०० अंशांवरच तो बंद केला. नळीत हवा शिरली, कार्बन धुमसला आणि सकाळी हाती राखाडी राख आली. तीन दिवसांचं काम गेलं.

हा झाला नुसता कोळसा. त्यात सूक्ष्म छिद्रं पाडायला कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) लागतो. एक भाग कोळसा, दोन भाग पोटॅश, निकेलच्या भांड्यात, पुन्हा नायट्रोजनमध्ये, ७०० अंशांवर तासभर. पोटॅश कार्बनला खात जातो, कार्बनच्या थरांत पोटॅशियम शिरतं आणि जागा मोकळी होते. भांड्यात धातुरूप पोटॅशियम उरलेलं असू शकतं, म्हणून पूर्ण थंड झाल्यावरच हूडमध्ये, गॉगल आणि हातमोजे घालून, चिमूट-चिमूट पाण्यात टाका. इथे घाई केली तर पेट घेईल.

तापमान वाढवायचा मोह मुलांना हमखास होतो. ९०० अंशांवर पृष्ठफळाचा, म्हणजे छिद्रांच्या आतल्या भिंती धरून एकूण पृष्ठभागाचा, आकडा मोठा येतो, पण छिद्रंही रुंदावतात. कार्बन डायऑक्साइडचा रेणू साधारण ०.३३ नॅनोमीटरचा. नेहमीच्या वायुदाबाला त्याला घट्ट धरतात ती ०.८ नॅनोमीटरहून अरुंद छिद्रं. मला मोठा आकडा नको, अरुंद छिद्रं हवीत.

आता धुणं. सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवते. आधी एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल: ओतताच पोटॅशपासून बनलेल्या कार्बोनेटमुळे फसफसतं. मग कोमट डिस्टिल्ड पाणी, गाळा, पुन्हा पाणी, पुन्हा गाळा. पीएच पेपर सातावर येईपर्यंत मला बहुतेक वेळा आठ धुण्या लागतात. छिद्रांत क्षार राहिले तर वायू कुठे शिरणार? शेवटी १२० अंशांवर दोन तास वाळवून लगेच बूच लावा, नाहीतर हवेतली ओल छिद्रांत जाऊन बसते.

चाचणीला महागडं यंत्र नसलं तरी चालतं. खायचा सोडा आणि व्हिनेगरपासून वायू काढून कॅल्शियम क्लोराइडवरून सोडून कोरडा करा, साठ मि.ली.ची काचेची सिरिंज त्याने भरा. छोट्या काचनळीत अर्धा ग्रॅम कार्बन, वर कापसाचा बोळा. ती चिमट्याने दाबलेल्या रबरी नळीने सिरिंजला जोडा आणि चिमटा सोडा. दट्ट्या आपोआप आत सरकू लागतो. गेल्या खेपेला तो साठवरून अडतीसवर आला. म्हणजे बावीस मि.ली.; २५ अंशांवर एक मिलीमोल वायू सुमारे चोवीस मि.ली. जागा घेतो, तेव्हा हिशेब ग्रॅमला सुमारे १.८ मिलीमोल. नळीतली हवा मोजमापात थोडी गडबड करते, म्हणून साध्या लाकडी कोळशाचीही नळी शेजारी लावा आणि दोन्हींची तुलना करा.

मग काचनळी गरम पाण्याच्या बीकरमध्ये बुडवा. पकडलेला वायू सुटतो, दट्ट्या हळूहळू बाहेर येऊ लागतो. नळी थंड झाली की पुन्हा आत. हे तीन वेळा करून प्रत्येक वेळचा आकडा वहीत लिहा; तिसरा आकडा पहिल्याच्या जवळपास आला तर तुमचा कार्बन पुन्हा पुन्हा वापरता येईल.